नोकरी सोडून पीएच.डी.: राजीनाम्याआधी काय काय उरकायचं

प्रश्न थोडक्यात असा: वय ४३, एकाच क्षेत्रात १८ वर्षं काढलेली, पद चांगलं, हाताखाली माणसं. आता पूर्णवेळ पीएच.डी. करायची इच्छा आहे. वय आड येईल का, आणि राजीनामा कधी द्यायचा?

वयाचं आधी उरकू. पीएच.डी.च्या प्रवेशाला बहुतेक ठिकाणी वयाची अट नसते. परीक्षकांना एवढंच बघायचं असतं की माणूस आजच्या तारखेला विषयात कुठे आहे. ‘क्वीन’ बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी १९७० च्या दशकात अर्धवट सोडलेला खगोलशास्त्राचा प्रबंध २००७ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात पूर्ण केला. तेव्हा मधल्या तीस-पस्तीस वर्षांत त्या विषयात झालेलं काम त्यांना वाचून प्रबंधात घ्यावं लागलं. जर्मन डॉक्टर इंगेबोर्ग रापोपोर्ट यांना आई ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत, १९३८ मध्ये, घटसर्पावरच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा नाकारली गेली होती. हाम्बुर्ग विद्यापीठाने ती २०१५ मध्ये घेतली. त्या १०२ वर्षांच्या होत्या, तरी घटसर्पाबद्दल मधल्या काळात काय काय कळलं याची तयारी त्यांना करावी लागली.

अनुभवी उमेदवार अडतो तो दुसऱ्याच जागी. अठरा वर्षांत माणसाकडे उत्तरं साठलेली असतात आणि पीएच.डी.ला लागतो प्रश्न. ‘आमच्या क्षेत्रात हे असंच चालतं, मला पक्कं माहीत आहे, फक्त सिद्ध करून दाखवायचंय’ अशा भूमिकेतून आलेला माणूस पहिलं वर्ष, कधी दीड वर्ष, गाइडशी वाद घालण्यात घालवतो. पंचविशीतल्या मुलाला विषयाची जाण कमी असते, पण प्रश्न बदल म्हटलं की तो बदलतो. तुम्हाला जाण आहे, म्हणूनच बदलणं जिवावर येतं.

उदाहरण घेऊ. बँकेत लघुउद्योगांची कर्जं हाताळलेला अधिकारी ‘छोट्या उद्योगांची कर्जं का थकतात?’ हा विषय घेऊन येतो. कारणं त्याला तोंडपाठ असतात: खेळतं भांडवल अपुरं, एकाच मोठ्या गिऱ्हाईकावर भिस्त, घरखर्च आणि धंद्याचा पैसा एकत्र. यातून चांगला अहवाल होईल, प्रबंध होणार नाही. कारण कोणता पुरावा समोर आला तर आपण चुकीचे ठरू, हे त्यात कुठेच नाही. पण याच माणसाच्या मनात एक निरीक्षण नुसतं पडून असतं: अधिकाऱ्याची बदली झाली की पुढच्या काही महिन्यांत त्याच्या हातची खाती बिघडतात. हा धागा धरला की प्रश्न तयार होतो. देखरेख ठेवणारा अधिकारी बदलल्यावर त्याच कर्जदाराची थकबाकी वाढते का? वाढत असेल तर ओळख तुटल्यामुळे, की जुन्या अधिकाऱ्याने झाकून ठेवलेलं उघडं पडल्यामुळे? आता मोजता येतं. बदल्या ठरावीक मुदतीने, नियमानुसार होत असतील तर बदलीची वेळ कर्जदाराच्या स्थितीवर अवलंबून नसते, म्हणून आधीची आणि नंतरची तुलना टिकते. दोन कारणांना दोन वेगळ्या खुणाही आहेत. ओळख तुटली असेल तर थकबाकी हळूहळू चढेल, झाकलेलं उघडं पडलं असेल तर नव्या अधिकाऱ्याच्या पहिल्याच तपासणीत एकदम उडी दिसेल. या धाग्यावर अर्थशास्त्रात आधीही काम झालेलं आहे. ते शोधून, त्यापुढे आपण नेमकं काय जोडणार हे ठरवण्यात पुढचा महिना जातो.

अहवालापासून प्रश्नापर्यंतचा हा प्रवास नोकरीत असतानाच करून बघायचा. त्याला साधारण ४ महिने लागतात आणि खर्च जवळपास शून्य. आपल्या विषयावरचा गेल्या ३ वर्षांतला एखादा समीक्षा-लेख घ्या, म्हणजे ज्यात आधीच्या संशोधनाचा आढावा घेतलेला असतो तो. त्याच्या संदर्भांतून मागे जा, आणि गूगल स्कॉलरवर त्या लेखाचा आधार कोणी कोणी घेतला ते बघत पुढे या. आठवड्याला ३ या वेगाने ३५ ते ४० पेपर वाचायचे. पहिल्या पहिल्या पेपरला ३-४ तास जातील, पंधराव्यापासून दीड-दोन. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवा. नंतर एकदम भरायला बसणं ही स्वतःला दिलेली शिक्षाच असते. प्रत्येक पेपरची एक ओळ तक्त्यात: प्रश्न काय, डेटा कुठला, पद्धत कोणती, दावा काय, आणि कुठे कमी पडतो. शेवटचा रकाना पहिल्या दहा पेपरांना रिकामा राहतो, किंवा त्यात ‘नमुना लहान आहे’ एवढंच लिहिलं जातं. विसाव्या पेपरानंतरही तसंच होत असेल तर पद्धतीचं शिक्षण कमी पडतंय, विषयाचं नाही.

चार महिन्यांच्या शेवटी दोन पानांचं टिपण लिहायचं. प्रश्न, आधीचं काम, डेटा, पद्धत, आणि पाचवा मुद्दा: उत्तर अपेक्षेच्या उलट आलं तरी ते सांगण्यासारखं असेल का? पाचव्या मुद्द्यावर गाडी अडली तर विषय अजून अहवालाचाच आहे. आणि आठवड्याला ८-१० तासांचं हे वाचन तिसऱ्या महिन्यात नकोसं झालं, तर तेच काम पूर्णवेळ, चार-पाच वर्षं करायचं आहे हे लक्षात घ्या. नोकरीला कंटाळलेला माणूस आणि संशोधनाची ओढ असलेला माणूस बाहेरून सारखेच दिसतात. या चार महिन्यांत ते वेगळे ओळखू येतात.

याच काळात आणखी एक अडचण सोडवायची. अर्जाला शिफारसपत्रं लागतात, आणि ती शिकवणाऱ्यांची किंवा संशोधकांची असली तर वजन पडतं. १८ वर्षांनी जुने प्राध्यापक निवृत्त झालेले असतात, नाहीतर त्यांना तुमचं नाव आठवत नाही. वरिष्ठ अधिकाऱ्याचं पत्र तुमच्या कामाचं कौतुक करतं, पण संशोधनाची क्षमता त्याला सांगता येत नाही. यावर उपाय म्हणजे पदव्युत्तर पातळीचा, परीक्षा असलेला एक अभ्यासक्रम करणं. शक्यतो संशोधनपद्धती किंवा संख्याशास्त्राचा, कारण गंजलेली बाजू बहुधा तीच असते. दुसरा उपाय, एखाद्या प्राध्यापकाबरोबर छोटा पेपर लिहिणं. तुमच्याकडे क्षेत्रातली माहिती, त्यांच्याकडे पद्धत. जुन्या विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषयवार गुणांचा अधिकृत दाखला, मिळवायला आठवडे, कधी महिने लागतात, म्हणून तो अर्ज सगळ्यात आधी टाका. परदेशी जायचं असेल तर जीआरई या प्रवेशपरीक्षेचे गुण ५ वर्षं आणि टोफेल, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे २ वर्षं चालतात. भाषेची परीक्षा फार आधी देऊन ठेवू नये.

मग मार्ग. ‘पीएच.डी.’ हा शब्द सगळीकडे एक असला तरी व्यवस्था फार वेगळ्या आहेत, आणि मध्यमवयात हा फरक तरुणपणापेक्षा जास्त जाणवतो. अमेरिकेत पहिली दोनेक वर्षं वर्गात बसून कोर्सवर्क, मग पात्रता परीक्षा, मग प्रबंध. एकूण ५-६ वर्षं, कधी अधिक. फी माफ आणि स्टायपेंड मिळतो, बदल्यात शिकवणं किंवा प्रयोगशाळेचं काम. ज्यांचा विषय बदलतोय किंवा गणिताचा पाया ढिला झालाय त्यांना ही व्यवस्था मानवते. ब्रिटनमध्ये पूर्णवेळ ३ ते ४ वर्षं, अर्धवेळ त्याच्या साधारण दुप्पट. तिथे प्रस्ताव बऱ्याचदा अर्जाबरोबरच द्यावा लागतो, म्हणजे प्रश्न तयार असलेल्या माणसाला ती वाट जवळची. नेदरलँड्स आणि स्कँडिनेव्हियात पीएच.डी. ही बहुतेक वेळा नोकरीच असते: जाहिरात निघते, मुलाखत होते, पगार आणि करार मिळतो. मात्र विषय पुष्कळदा प्रकल्पाने आधीच ठरवलेला असतो. आपलाच अनुभव घेऊन जायचं असेल तर नेदरलँड्समध्ये बाहेरून, नोकरी सांभाळून प्रबंध लिहिणाऱ्यांची जुनी पद्धत आहे, तिची चौकशी करावी. विद्यापीठाकडून पगार मात्र मिळत नाही. मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्क, म्हणजे युरोपीय संघाच्या पैशावर चालणारे पीएच.डी.चे प्रकल्प, यांना वयाची मर्यादा नाही, पण ज्या देशात जायचं तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे नियम लागू आहेत. मुदत कोर्सवर्कसह किमान ३ आणि कमाल ६ वर्षं. पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षं मिळू शकतात, आणि महिलांना व ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर २ वर्षांची सवलत आहे. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. अर्धवेळ पीएच.डी.ला परवानगी आहे, पण नोकरी देणाऱ्या संस्थेचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात संशोधनासाठी पुरेसा वेळ देऊ असं लिहिलेलं असावं लागतं. कार्यालयाच्या ठोकळेबाज प्रमाणपत्रात हे वाक्य नसतं आणि अर्ज परत येतो. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. करता येत नाही, त्यामुळे ‘घरबसल्या पीएच.डी.’च्या जाहिरातींकडे फिरकूही नये. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणाऱ्या जेआरएफला, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीला, वयाची मर्यादा ३० आहे. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी (नॉन-क्रीमी लेयर) आणि अपंग उमेदवारांना व सर्व महिलांना ५ वर्षांची सूट. म्हणजे चाळिशीत प्रवेश मिळतो, पण जेआरएफचा पैसा मिळत नाही. हा धक्का प्रवेशानंतर बसलेली माणसं कमी नाहीत.

ज्यांना आपल्याच व्यवसायात राहून पदवीचा उपयोग करायचा आहे त्यांच्यासाठी डीबीए (व्यवस्थापनातली), एड.डी. (शिक्षणक्षेत्रातली) अशा व्यावसायिक डॉक्टरेट आहेत. तिथे कामातला प्रश्नच विषय होऊ शकतो. विद्यापीठात पूर्णवेळ शिकवण्यासाठी ती पदवी चालते का, हे मात्र जिथे शिकवायचं आहे तिथल्या नियमांत आधी बघून घ्यावं.

गाइड निवडताना नावापेक्षा हिशोब बघा. त्यांच्याकडे गेल्या ८-१० वर्षांत किती जण पूर्ण झाले, सरासरी किती वर्षांत, किती जणांनी मधेच सोडलं. भारतात झालेले प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन संग्रहात दिसतात, तिथे गाइडच्या नावाने शोधता येतं. त्यांच्या निवृत्तीला किती वर्षं उरली तेही विचारा. आयोगाच्या नियमांनुसार ३ वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. ४ उरलेल्यांना घेता येतात, पण तुमची पीएच.डी. ५ वर्षं चालली तर शेवटच्या, सर्वांत नाजूक वर्षात गाइड बदललेला असेल. सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोला, आणि जमलं तर सोडून गेलेल्या एकाशी. दोनच प्रश्न पुरतात: भेट किती दिवसांनी होते, आणि दिलेलं प्रकरण वाचून परत यायला किती दिवस लागतात? तीन आठवड्यांपर्यंत ठीक. तीन महिने म्हणाले तर दुसरं दार बघा.

गाइड तुमच्यापेक्षा ५-१० वर्षांनी लहान असण्याची शक्यता बरीच. यात अपमान कोणाचाच नसतो, पण एक अडचण नक्की होते: तरुण गाइड मोठ्या माणसाला ‘हे चुकलंय’ असं स्पष्ट म्हणायला कचरतात. मग मसुद्यावर ‘छान, थोडं बघा’ असा शेरा येतो आणि वर्षाने समितीपुढे तेच प्रकरण फुटतं. पहिल्याच महिन्यात तुम्हीच विषय काढा. प्रत्येक मसुद्यात सर्वांत कच्च्या तीन जागा दाखवा, अशी मागणी करा. ‘सर’, ‘मॅडम’ म्हणायला लाजू नका. बैठक झाल्यावर त्याच दिवशी काय ठरलं ते चार ओळींत मेलने पाठवा. हाताखालच्या माणसांकडून कामं करून घेण्याची सवय जडलेल्यांनी आणखी एक जपायचं: डेटा स्वच्छ करणं, मुलाखती उतरवून काढणं, संदर्भ तपासणं ही हमाली दुसऱ्याकडे सोपवू नका. डेटातल्या विसंगती तिथेच हाताला लागतात, आणि व्हायवात, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेत, विचारलं जातं ते नेमकं त्याबद्दल.

पैशाचा हिशोब बहुतेक जण ‘पगार वजा स्टायपेंड’ एवढाच करतात. खरा आकडा बराच मोठा असतो. त्यात बंद पडणारं भविष्यनिर्वाह किंवा पेन्शनचं योगदान आणि त्यावरचं पुढच्या वीस वर्षांचं व्याज धरा, हुकलेल्या पगारवाढी धरा, कंपनीचा आरोग्यविमा गेल्यावर घ्यावा लागणाऱ्या विम्याचा हप्ता धरा. मुदत जाहीर केलेल्या वर्षांपेक्षा एक वर्ष जास्त धरा, कारण स्टायपेंड ठरल्या दिवशी थांबतो आणि प्रबंध थांबत नाही. त्याशिवाय १२ ते १८ महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम बाजूला असावी, आणि ती निवृत्तीच्या पैशातून काढलेली नसावी. आरोग्यविमा नोकरी असतानाच स्वतःच्या नावाने घ्या. जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ तेव्हापासून मोजायला लागतो. कर्ज घ्यायचं किंवा पुनर्रचना करायची असेल तर तीही पगाराची चिठ्ठी हातात आहे तोवर. आणि बिनपगारी रजा किंवा अभ्यासरजा मिळत असेल तर राजीनाम्याऐवजी तीच घ्या. बॉण्ड असेल तर परत येऊन किती वर्षं काम करावं लागेल आणि न आल्यास किती भरावं लागेल, हे दोन आकडे लेखी मिळवा.

सगळ्यात महाग चूक डेटाची असते. ‘आमच्याच कंपनीचा डेटा वापरीन’ हे गृहीत धरून माणूस राजीनामा देतो आणि बाहेर पडल्याच्या दुसऱ्या दिवशी तो परका होतो. गोपनीयतेच्या करारावर आपण कधीकाळी सही केली होती हेही तेव्हाच आठवतं. परवानगी हवी असेल तर पदावर असतानाच, अधिकार असलेल्या व्यक्तीची, लेखी घ्या. कोणता डेटा, कोणत्या काळातला, नावं काढून कोण देणार, प्रबंध आणि पेपरात छापता येईल का, आणि निष्कर्ष कंपनीला न आवडल्यास छापणं अडवता येईल का, हे पाचही मुद्दे त्यात हवेत. शेवटचा मुद्दा कायदा विभाग हमखास स्वतःच्या बाजूने लिहितो. तिथे ‘३० दिवसांत हरकती कळवाव्यात, त्याही फक्त गोपनीय माहितीपुरत्या’ असं वाक्य मागून घ्या. स्वतः लॅपटॉपवर उतरवून आणलेल्या फाइल कितीही निरुपद्रवी वाटल्या तरी वापरू नका. त्यांच्यामुळे प्रबंध अडकतो आणि क्वचित माणूसही. माणसांच्या मुलाखती किंवा नोंदी असतील तर विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मान्यता लागते, आणि ती माहिती गोळा करण्याआधी घ्यायची असते. नोकरीत असताना घेतलेल्या मुलाखती मागाहून संशोधनात घालता येत नाहीत. जुन्या सहकाऱ्यांच्या मुलाखती घ्यायच्या असतील तर आणखी एक पेच: तुम्ही साहेब असताना हाताखाली असलेला माणूस तुम्हाला ‘नाही’ म्हणू शकतो का? समिती हे विचारतेच, म्हणून निमंत्रण तिऱ्हाइताकडून जाईल अशी सोय करून ठेवा.

पहिल्या वर्षात लिखाणाची सवय मोडून नवी लावावी लागते. कार्यालयात निष्कर्ष वर, कारणं खाली, शंका गाळलेल्या. प्रबंधात शंकाच दाखवायची असते आणि वाचकाला प्रत्येक पायरीवरून चालवत न्यायचं असतं. रोज ३०० शब्द सलग परिच्छेदांत लिहा, मुद्द्यांच्या यादीत नाही. दिवसातले पहिले तीन तास लिखाणाला, मेल त्यानंतर. अर्धवेळ करत असाल तर आठवड्याला १५ ते २० तास खरेखुरे लागतात, आणि ते रोजच्या दोन तासांत तुकडे करून फारसे फळत नाहीत. एक पूर्ण दिवस आणि दोन सकाळी असं बांधून घेतलं तर चालतं. सल्लागारीची छोटी कामं पहिल्या वर्षात घेऊ नका. पैसे चांगले मिळतात आणि लगेच शाबासकी मिळते, म्हणूनच ती प्रबंध खातात. दुसऱ्या वर्षात, डेटा हातात आणि निष्कर्ष लांब अशा अवस्थेत, हा मोह सगळ्यात जास्त होतो. शोधनिबंध पाठवल्यापासून निर्णय यायला कित्येक महिने, कधी वर्षही जातं. तिमाही निकालांची सवय असलेल्यांनी एक पेपर समीक्षेत असताना दुसऱ्यावर काम चालू ठेवावं. पैसे घेऊन आठ दिवसांत छापून देणाऱ्या जर्नलचा मोह टाळा, त्यातला पेपर नावावर कायमचा राहतो.

पुढचं काय, याचं उत्तर निघण्याआधी स्वतःला द्यावं लागेल. ४८व्या वर्षी सहायक प्राध्यापक म्हणून लागणं शक्य असतं, पण पगार आणि अधिकार प्रवेशपातळीचे, आणि निवृत्तीपर्यंतची वर्षं मोजकी. संशोधनाच्या काही फेलोशिप वय न मोजता पीएच.डी.नंतरची वर्षं मोजतात. मारी क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिपला पदवीनंतरच्या जास्तीत जास्त ८ वर्षांच्या संशोधनानुभवाची मर्यादा आहे, म्हणजे उशिरा पदवी घेतलेल्याचं तिथे काही बिघडत नाही. जुन्या क्षेत्रात परतलात तर पदवीमुळे पगार वाढेलच असं नाही. धोरण, नियामक संस्था, संशोधन विभाग, तज्ज्ञ साक्ष अशा कामांत अनुभव आणि पदवी दोन्ही एकत्र मोजली जातात, आणि तिथल्या दोन-तीन माणसांशी प्रवेशाआधीच बोलून घ्यावं.

थांबण्याची जागाही आधी ठरवून, घरच्यांना सांगून ठेवा. पुष्कळ विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या शेवटी किंवा दीड वर्षाच्या आसपास नोंदणी पक्की करणारा आढावा असतो. तोवर सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, मंजूर नसेल तर आणखी एक संधी, आणि मग बाहेर. तेवढ्या काळासाठी जुन्या क्षेत्रातला परवाना, सदस्यत्व, प्रमाणपत्रं चालू ठेवा. नूतनीकरण चुकलं तर परतीची वाट उगाच लांबते.

राजीनाम्याची वेळ आता सोपी होते. हातात चार कागद आले की: प्रवेशाचं पत्र, पैशाचं पत्र ज्यात रक्कम आणि मुदत दोन्ही लिहिली आहेत, गाइडचा लेखी होकार, आणि डेटा वापरण्याची परवानगी. यातला एकही ‘तोंडी झालंय, येईलच’ या अवस्थेत असेल तर नोटीस देऊ नका. नोटीसचा काळ ३ महिन्यांचा असेल तर पुढच्या सत्राला रुजू व्हायची परवानगी मागा, बरीच विद्यापीठं ती देतात. शेवटच्या महिन्यात अनुभवाचं प्रमाणपत्र, रिलीव्हिंग लेटर, भविष्यनिर्वाह निधीचे तपशील आणि कराच्या नोंदी यांच्या प्रती स्वतःच्या ईमेलवर घ्या, कारण कार्यालयाचं खातं शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होतं.